शेजचं बंड: शेतकरी चिडले राज्य सरकारवर, मग दुबळं केंद्र सरकार कसं काय ठरलं?

सदाशिवपेठी_मामा

मंडळी, एक शंका आहे, अमेरिकेचा इतिहास वाचणारं कोणी असेल तर मदत करा. माझी भाची न्यू जर्सीत आठवीत आहे. काल तिच्या रात्री म्हणजे आपल्या सकाळी, मी गॅसवर दूध ठेवलेलं आणि हिचा व्हिडिओ कॉल, "मामा तू हिस्टरीत बीए आहेस ना, मग मला एक सांग". बीए करून तीस वर्षं झाली, त्यात अमेरिका आम्हाला एका पेपरापुरती होती, पण मामा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार.

तर तिच्या पुस्तकात असं आहे की स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी कर्ज आणि टॅक्सला कंटाळून उठले, त्यांचा एक म्होरक्या डॅनियल शेज, म्हणून शेजचं बंड. त्यांनी कोर्टं बंद पाडली, शस्त्रागारावर चालून गेले, शेवटी मोडले गेले. आणि पुढची ओळ डायरेक्ट अशी की "यावरून केंद्र सरकार किती दुबळं आहे ते सगळ्यांना कळलं" आणि मग १७८७ ला फिलाडेल्फियात नवी राज्यघटना.

भाची म्हणते, मामा, टॅक्स लावला राज्याने, कोर्टं राज्याची, शेतकरी चिडले राज्यावर, सैन्य पाठवून त्यांना मोडलं तेही राज्यानेच. मग यात केंद्राचा दुबळेपणा कुठून आला? उलट राज्य सरकार चांगलं दणकट दिसतंय. म्हणजे आपल्याकडे लोकांनी महापालिकेवर मोर्चा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं की दिल्लीचं सरकार कमकुवत, असं झालं हे.

मी म्हटलं उद्या सांगतो. दूध उतू गेलं ते वेगळंच. आता तुम्हीच लाज राखा, आजच्या कॉलच्या आत.

---

निवृत्त_गुरुजी

पोरीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. आठवीतलं पोर हे विचारतंय आणि आपल्याकडे एमएची मुलं ती ओळ पाठ करून मार्क घेऊन मोकळी होतात. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर त्या पुस्तकाच्या ओळीपेक्षा थोडं वाकडं आहे.

आधी तेव्हाचं केंद्र म्हणजे काय ते बघा. आजची राज्यघटना यायच्या आधी १३ राज्यांमध्ये एक करार होता, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, मसुदा १७७७ चा, सगळ्यांच्या सह्या होऊन लागू झाला १ मार्च १७८१ ला. त्यात राष्ट्राध्यक्ष असं पद नाही (काँग्रेसचा अध्यक्ष असायचा, पण तो फक्त सभेचा), केंद्राची न्यायव्यवस्था नाही, फक्त काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. प्रत्येक राज्याला एक मत, मोठा निर्णय घ्यायचा तर १३ पैकी ९ राज्यं हवीत आणि करारातच बदल करायचा तर १३ च्या १३. आणि सगळ्यात मोठी ग्यानबाची मेख म्हणजे या काँग्रेसला एक पैचाही टॅक्स लावता येत नव्हता. खर्च आला की राज्यांना पत्र पाठवायचं, तुमच्या वाट्याला इतके आले, कृपया द्यावेत. गणपती मंडळाची वर्गणी समजा. पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायचं, समोरच्याने "नंतर या" म्हटलं की पुढचं दार.

आणि हे "नंतर या" म्हणणारे बरेच होते बरं का. भाची न्यू जर्सीची म्हणून हे खास तिच्यासाठी. परदेशी माल न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरायचा, जकात ती राज्यं खायची, आणि तोच माल न्यू जर्सीच्या लोकांना महाग पडायचा. व्हर्जिनियाचा पुढारी जेम्स मॅडिसन, त्याने न्यू जर्सीला दोन्ही टोकांना तोटी लावलेल्या पिंपाची उपमा दिली होती. तर १७८६ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या विधिमंडळाने चक्क ठराव केला की केंद्राची वर्गणी आम्ही देत नाही जा. काँग्रेसने काय केलं? तीन सभासद पाठवले समजूत काढायला. ठराव मागे घेतला त्यांनी, पैसे काही दिले नाहीत.

काँग्रेसने आयात मालावर ५ टक्के जकात मागून बघितली होती. पहिल्यांदा १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय संपला, दुसऱ्या खेपेला १७८६ मध्ये न्यूयॉर्कने अटी घालून घालून मारला. तेरांतला एक नाही म्हणाला की बाराजणांचं हो पाण्यात.

आता युद्धाचं कर्ज तर डोक्यावर होतंच, केंद्राचं वेगळं आणि प्रत्येक राज्याचं वेगळं. बंदरातली जकात केंद्राला मिळाली असती तर तो पैसा आला असता वाइन, चहा, रेशीम घेणाऱ्यांकडून. ती वाट बंद, म्हणून राज्यांनी तो आपापल्या रयतेकडून काढायचा. बाकीच्या बऱ्याच राज्यांनी टंगळमंगळ केली, मॅसॅच्युसेट्सने ते मनावर घेतलं. स्वतःचं कर्ज जोरात फेडायचं आणि केंद्राची वर्गणीही द्यायची, आणि त्यासाठी जमिनीवर टॅक्स आणि १६ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे डोईपट्टी. डोईपट्टी म्हणजे बोस्टनच्या पेढीवाल्याला जेवढी तेवढीच पश्चिमेकडच्या पेलहॅम गावातल्या शेतकऱ्याच्या पोराला.

तेव्हा भाचीचं निम्मं बरोबर, राज्य दणकटच होतं. पण केंद्र लुळं म्हणून त्याचंही ओझं या दणकट राज्याने उचललं आणि नेऊन ठेवलं नांगरावर. ती पुस्तकातली ओळ इथून सुरू व्हायला पाहिजे होती.

---

खतावणी

गुरुजींनी टॅक्सचं सांगितलं, मी उधारीचं सांगतो कारण आयुष्यभर बँकेत तेच केलं.

त्या भागात शेतकऱ्याच्या हातात नाणं असं फारसं यायचंच नाही. गावातल्या दुकानदाराकडून मीठ, खिळे, कापड घ्यायचं, वहीवर लिहायचं, हंगाम झाला की धान्य, लाकूड, जनावर, नाहीतर चार दिवस काम करून फेडायचं. आपल्याकडच्या बलुत्याइतकं बांधलेलं नाही पण नाण्यावाचून गाडा चालायचा. दुकानदार बोस्टनच्या व्यापाऱ्याचा देणेकरी, तो व्यापारी लंडनच्या पेढीचा. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या, वेस्ट इंडीजच्या बेटांवर अमेरिकन जहाजांना बंदी घातली, म्हणजे न्यू इंग्लंडवाल्यांची हक्काची बाजारपेठ गेली, आणि उधारी आवळून म्हणाले रोख मोजा, सोनं चांदी. लंडनने बोस्टनची मान धरली, बोस्टनने गावच्या दुकानदाराची, आणि दुकानदाराने कोणाची धरायची? जो काल टोपलीभर ओट घेऊन यायचा त्याची. आणि नेमकं त्याच वेळी सरकारही म्हणतंय टॅक्स नाण्यातच भरा.

नाणं नाही तर दावा. एकट्या हॅम्पशायर काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) १७८४ ते ८६ या दोन वर्षांत जवळपास ३ हजार दावे लागले कर्जाचे, आणि काउंटी म्हणजे काही मुंबई नव्हे, चार घरांतला एखादा तरी पुरुष कोर्टात खेचला गेला असणार. निकाल झाला की जनावरं जप्त, मग जमीन, आणि तेवढ्याने नाही भागलं तर देणेकऱ्याला तुरुंग. मला कायम प्रश्न पडायचा की तुरुंगात घालून वसुली कशी होणार बाबा, माणूस बाहेर असला तर निदान नांगर तरी धरेल. पण तेव्हा तसंच होतं, इंग्लंडातही.

आता खरी मळमळ कशाची ते. युद्धात सैनिकांना पगार म्हणून कागद दिला होता, सरकारी वचनाचा. घरी आले, खायला नाही, म्हणून तो कागद मिळेल त्या भावाला विकून टाकला, पौंडाला दोन तीन शिलिंग असा भाव (पौंडाचे शिलिंग २०, म्हणजे रुपयामागे दीड ते अडीच आणे). घेतला कोणी, तर बोस्टनच्या पैसेवाल्यांनी. मग विधिमंडळाने ठरवलं की या कागदाची किंमत जवळजवळ दर्शनी धरून व्याजासकट फेडायची, कशातून, तर टॅक्समधून. म्हणजे ज्याने बंदूक घेऊन लढाई केली, ज्याने आपला पगाराचा कागद मातीमोल विकला, त्यानेच आता टॅक्स भरायचा, ज्याने तो विकत घेतला त्याला पूर्ण पैसे मिळावेत म्हणून. रागाने माणूस वेडा होणार नाही तर काय.

---

सदाशिवपेठी_मामा

अरे वा, हे तर मलाच माहीत नव्हतं. पण एक कळलं नाही, टॅक्स लावला विधिमंडळाने तर विधिमंडळावर जायचं, कोर्टं का बंद पाडली? आणि हा शेज नक्की कोण?

---

बर्फातला_कोल्हापूरकर

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डपासून अर्ध्या तासावर राहतो, गेली १४ वर्षं, त्यामुळे हा आमच्या गावगाड्याचा विषय झाला. पेलहॅमवरून उत्तरेला जो २०२ नंबरचा रस्ता जातो त्याचं नावच डॅनियल शेज हायवे आहे. एकीकडे बंडखोर म्हणायचं आणि त्याच्याच नावाचा सरकारी बोर्ड. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कोणी आमदार बिमदार असेल.

शेज पेलहॅमचा साधा शेतकरी, युद्धात कॅप्टनपर्यंत चढला, बंकर हिल, साराटोगा, स्टोनी पॉइंट, सगळ्या लढायांत होता. अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत, त्याने त्याला मानाची तलवार दिली होती ती त्याने पुढे विकली, पैशासाठी, आणि त्यावरून लोकांनी नावं ठेवली ती ठेवलीच. १७८० ला पगार न घेताच घरी आला आणि आल्यावर देणेकरी. पण एक सांगतो, तो एकटा पुढारी नव्हताच. वेस्ट स्प्रिंगफिल्डचा ल्यूक डे, ग्रोटनचा जॉब शॅटक, बर्कशायरचा एलाय पार्सन्स, बरेच होते. "शेजचं बंड" हे नाव सरकारी बाजूने चिकटवलेलं, ते स्वतःला रेग्युलेटर म्हणवायचे, म्हणजे आम्ही सरकार पाडत नाही, सरळ करतोय.

कोर्टच का, तर आधी त्यांनी रीतसर सगळं करून बघितलं. गावोगाव सभा, अर्ज, ऑगस्ट १७८६ मध्ये हॅटफिल्डला ५० गावांचे प्रतिनिधी जमले, मागण्यांची यादी केली, त्यात लिहिलंय की लोकांनी दंगाधोपा करू नये. विधिमंडळ तिकडे बोस्टनला, प्रतिनिधी पाठवायचा तर त्याचा खर्च गावाने करायचा म्हणून कित्येक गावं पाठवतच नव्हती. आणि जप्तीचा कागद निघतो कुठून? कोर्टातून. कोर्ट बसलंच नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर जप्ती नाही, पुढची निवडणूक होईपर्यंत श्वास घ्यायला जागा. म्हणून २९ ऑगस्टला नॉर्थॅम्प्टनला दीड हजार माणूस कोर्टासमोर येऊन उभा राहिला, फार काही केलं नाही, फक्त आत जाऊ दिलं नाही. टोपीत सदाहरित झाडाची डहाळी खोचलेली, तीच त्यांची खूण, युद्धातही वापरलेली. सरकारी बाजूचे टोपीला पांढरा कागद लावायचे.

५ सप्टेंबरला वूस्टरचं कोर्ट. तिथला न्यायाधीश आर्टिमस वॉर्ड, हा म्हणजे १७७५ मध्ये वॉशिंग्टनच्या आधी बोस्टनच्या वेढ्यावर सेनापती असलेला माणूस. तो पायऱ्या चढतोय आणि समोर संगिनी, त्यातल्या काही जुन्या सैनिकांनीच धरलेल्या, छातीला टेकतायत इतक्या जवळ. म्हातारा हटला नाही, उलट लेक्चर दिलं, पण कोर्ट काही बसलं नाही.

माझा सगळ्यात आवडता किस्सा ग्रेट बॅरिंग्टनचा. सरकारने कोर्ट वाचवायला हजारभर मिलिशिया बोलावली. मिलिशिया म्हणजे तरी कोण, तेच आजूबाजूचे शेतकरी. कोणीतरी म्हणालं की कोर्ट बसावं असं वाटतं त्यांनी रस्त्याच्या या बाजूला या, नको त्यांनी त्या बाजूला जा. ८०० त्या बाजूला गेले. आता बोला.

---

शंकासूर

सगळं छान पण मूळ प्रश्न राहिला की. मी थोडा उलटा सूर लावतो.

"बंड झालं म्हणून राज्यघटना आली" हे सांगायला सोपं म्हणून सांगतात. तारखा बघा. व्यापाराच्या भानगडी सोडवायला ॲनापोलिसची बैठक भरली ११ ते १४ सप्टेंबर १७८६, आली फक्त ५ राज्यं, १२ माणसं, आणि त्यांनीच जाता जाता ठराव केला की पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात सगळ्यांनी जमा, नुसता व्यापार नाही, सगळीच दुरुस्ती करू. तेव्हा मॅसॅच्युसेट्सची कोर्टं बंद पडायला जेमतेम सुरुवात झाली होती आणि शेजचं नाव बाहेर कोणाला माहीतही नव्हतं. मॅडिसन, हॅमिल्टन ही मंडळी करार बदलायला आधीपासून टपलेली होती. बंड त्यांच्या पथ्यावर पडलं, एवढंच.

आणि भीती वाढवली कशी तेही बघा. युद्धखात्याचा सचिव हेन्री नॉक्सने ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पत्र लिहिलं की न्यू इंग्लंडभर असे १२ ते १५ हजार माथेफिरू आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की जमीनजुमला सगळ्यांनी मिळून इंग्रजांपासून वाचवला म्हणून तो सगळ्यांच्या मालकीचा. या शेतकऱ्यांनी असं कुठे म्हटलंय? ते तर बिचारे स्वतःची जमीन लिलावात जाऊ नये म्हणून भांडत होते! पण माउंट व्हर्ननला आपल्या घरी बसलेल्या वॉशिंग्टनला काय कळणार, तो हादरला. म्हणून मी म्हणतो केंद्र दुबळं आहे हे काही शेजने दाखवलं नाही, बोस्टनच्या घाबरलेल्या लोकांनी शेजला दाखवून केंद्राचं काम करून घेतलं.

---

बर्फातला_कोल्हापूरकर

शंकासूर, नॉक्सने मीठमसाला लावला हे शंभर टक्के मान्य. पण केंद्राचा दुबळेपणा बघायचा असेल तर स्प्रिंगफिल्डच्या टेकडीवर या, आता तिथे म्युझियम आहे.

ते शस्त्रागार राज्याचं नव्हतं, केंद्राचं होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक, हजारो बंदुका, दारूगोळा, तोफा, आणि राखायला सैन्य जवळपास शून्य. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने १,३४० सैनिक उभे करायचं ठरवलं, आणि गंमत म्हणजे खरं कारण सांगायची सोय नाही, म्हणून सांगितलं की सीमेवरच्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, टोळ्यांसाठी हवेत. राज्यांकडे ५ लाख ३० हजार डॉलरची वर्गणी मागितली. १३ पैकी एकट्या व्हर्जिनियाने हो म्हटलं. सैन्य काही वेळेवर आलं नाही. म्हणजे स्वतःच्या गोदामाला राखणदार ठेवायची ऐपत नाही.

मग गव्हर्नर बोडनने काय केलं, तर बोस्टनच्या सव्वाशेच्या वर व्यापाऱ्यांकडून ६ हजार पौंडाच्या आसपास गोळा करून सैन्य उभं केलं, सेनापती बेंजामिन लिंकन. सरकारी तिजोरी रिकामी म्हणून देणेकऱ्यांविरुद्धचं सैन्य सावकारांच्या पैशाने, हे डोळ्यासमोर आणा.

लिंकन यायच्या आधी स्प्रिंगफिल्डला होता जनरल विल्यम शेपर्ड, १,२०० च्या आसपास मिलिशिया घेऊन. त्याच्या माणसांकडे नीट हत्यारं नाहीत आणि समोर शस्त्रागार खचाखच. त्याने नॉक्सला विचारलं, उघडू का? उत्तर असं की काँग्रेसची परवानगी लागेल, आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू नाही. शेवटी शेपर्डने न विचारता घेतल्या तोफा. केंद्राचं शस्त्रागार वाचवायला राज्याच्या जनरलने केंद्राच्याच शस्त्रागाराचं कुलूप काढलं, आणि हो किंवा नाही म्हणायला केंद्र हजर नाही. भाचीला हे सांगा, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल.

२५ जानेवारी १७८७. जानेवारीतलं इथलं बर्फ काय असतं ते मी दरवर्षी फावड्याने उपसतो, त्या दिवशी चार फूट होतं असं लिहिलंय. शेज बोस्टन रोडने पूर्वेकडून, ल्यूक डे नदीच्या पलीकडून, दोघांनी एकदम यायचं ठरलं होतं. डेने आयत्या वेळी चिठ्ठी पाठवली की आज जमत नाही, उद्या जाऊ, आणि ती चिठ्ठी सरकारी माणसांच्या हाती लागली. शेजला पत्ताच नाही. आठ आठच्या रांगेत माणसं चाललीयत, बहुतेकांना खात्री की आपलेच लोक आपल्यावर तोफ टाकणार नाहीत. शेपर्डने पहिले दोन गोळे डोक्यावरून सोडले. रांग थांबली नाही. मग तोफ खाली केली, कमरेच्या उंचीला, छर्रे भरून. ४ मेले, २० च्या आसपास जखमी, "खून, खून" ओरडत सगळे पळाले. शेजच्या लोकांकडून एक गोळी सुटली नाही.

पुढे लिंकनने हॅडलीहून पीटरशॅमपर्यंत ३० मैल रात्रभर बर्फाच्या वादळात माणसं चालवली आणि ४ फेब्रुवारीच्या पहाटे न्याहारी शिजत असताना गाठलं. दीडशे पकडले, शेज व्हर्मॉन्टला पळाला. शेवटची चकमक शेफिल्डला २७ फेब्रुवारीला, तिथे रस्त्याकडेला एक दगड आहे, गाडी थांबवल्याशिवाय दिसत नाही.

---

निवृत्त_गुरुजी

शंकासूरांचा तारखांचा मुद्दा बिनतोड आहे, मीही वर्गात हेच सांगायचो, ठिणगी आधीची. पण ॲनापोलिसला ५ राज्यं आली होती आणि फिलाडेल्फियाला १२, हा फरक मधल्या हिवाळ्याचा आहे. काँग्रेसने फिलाडेल्फियाला होकार दिला २१ फेब्रुवारी १७८७ ला, पीटरशॅमच्या बातम्या ताज्या असताना. वॉशिंग्टन जायचं की नाही या विचारात होता, तो गेला. आणि घटनेत बघा, बंड मोडायला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार केंद्राला, राज्यात दंगल झाली तर राज्याच्या विनंतीवरून मदत, राज्यांना कागदी चलन काढायला आणि करार मोडणारे कायदे करायला बंदी. शेवटचं कलम तर देणेकऱ्यांच्या तोंडावरच मारलंय, कारण ऱ्होड आयलंडने १७८६ मध्ये कागदी चलन काढून सावकारांना पळता भुई थोडी केली होती.

पण सगळे शेतकरी एका बाजूला आणि सगळे पैसेवाले एका बाजूला असंही समजू नका. मॅसॅच्युसेट्सने नवी घटना मंजूर केली ६ फेब्रुवारी १७८८ ला, १८७ विरुद्ध १६८, म्हणजे १० जण इकडचे तिकडे झाले असते तर पडली असती. तिथे सटनचा एमोस सिंगलटरी उठून म्हणाला की हे वकील, शिकलेले आणि पैसेवाले गोडगोड बोलून आम्हा गरिबांना गोळी गिळायला लावणार आणि मग आम्हालाच गिळणार. त्यावर बर्कशायरकडचा जोनाथन स्मिथ उठला, म्हणाला मी साधा माणूस, नांगरावर पोट भरतो, मला भाषणं येत नाहीत, माझ्या नांगऱ्या भावांशी दोन शब्द बोलतो. आणि त्याने सांगितलं की गेल्या हिवाळ्यात माझ्या भागात काय झालं ते मी बघितलंय, म्हणून मला ही घटना हवी. दोघेही शेतीवाले, दोघेही त्याच राज्याचे.

---

बारामतीची_लेक

हे वाचताना मला आमच्या सुप्याचीच आठवण येत राहिली. १२ मे १८७५, सुपे, बाजारचा दिवस, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि मुख्य म्हणजे खतं (कर्जाचे कागद) आणि हुकूमनामे शोधून शोधून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं. आणि त्यात अमेरिका खरंच होती! तिकडच्या यादवी युद्धात कापूस बंद झाला म्हणून १८६० नंतर इथे कापसाला सोन्याचा भाव, सावकार दारात येऊन कर्ज देत होता, १८६५ ला तिकडे युद्ध संपलं आणि इथे भाव कोसळला. त्यात सारा वाढवलेला, आणि तोही नाण्यातच. आजी सांगायची की तिच्या आजेसासऱ्यांच्या घरात "खत" हा शब्द शिवीसारखा वापरायचे.

---

निवृत्त_गुरुजी

@बारामतीची_लेक अगदी. कागद मारायचा की कागदावर शिक्का मारणारं कोर्ट अडवायचं, एवढाच फरक. पण एक मोठा फरक विसरू नका. मॅसॅच्युसेट्सला बंड मोडल्यावर फेब्रुवारीत कायदा केला की भाग घेतलेल्यांनी शपथ घ्यावी, तीन वर्षं मत नाही, मास्तरकी करायची नाही, खाणावळ चालवायची नाही. तरीसुद्धा दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि बोडनला लोकांनी दणदणीत आपटला, त्याच्या जागी जॉन हँकॉक गव्हर्नर म्हणून निवडून आला. १८ जणांना फाशी सुनावली होती, शेवटी फासावर गेले दोघे, बाकीच्यांना माफी. टॅक्सचा तगादाही सैल पडला. सुप्याच्या शेतकऱ्याला कलेक्टर पाडायची सोय नव्हती. त्याला कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या १८७९ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, तेही वरून मिळेल तेवढं.

---

सदाशिवपेठी_मामा

मंडळी काय बोलू, प्रिंट काढून ठेवावी असं झालंय. शेवटचा प्रश्न, भाची विचारणारच. नवं दणकट केंद्र आल्यावर शेतकऱ्याचं भलं झालं की वाईट?

---

खतावणी

दोन्ही, आणि हिशोब बघितला तर मजा येते. १७९० मध्ये अर्थखातं सांभाळणाऱ्या हॅमिल्टनने राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या अंगावर घेतली, मॅसॅच्युसेट्सचं कर्ज तर मोठ्यातलं मोठं. पैसा कुठून, तर आता केंद्राला जकात लावता येत होती, बंदरातून. त्यामुळे राज्याला जमिनीवर आणि डोक्यावर टॅक्स लावायची गरजच मोठ्या प्रमाणावर संपली. म्हणजे शेजच्या गावाला जो दिलासा हवा होता तो त्याला घाबरून बनवलेल्या सरकारकडून मिळाला, दिलासा द्यायचा म्हणून नव्हे तरी. पण ते मातीमोल कागद? ते पुन्हा पूर्ण किमतीला फेडले, ज्यांनी गोळा करून ठेवले होते त्यांनाच. मूळ सैनिकाला निदान काही वाटा द्या असं मॅडिसन म्हणत होता, कोणी ऐकलं नाही.

आणि नुसत्या जकातीने भागेना म्हणून १७९१ ला व्हिस्कीवर टॅक्स. पश्चिम पेनसिल्वेनियात धान्य डोंगरापलीकडे न्यायला परवडत नाही म्हणून व्हिस्की करून न्यायचे, तिथे व्हिस्की म्हणजेच नाणं. पुन्हा तेच, हातात पैसा नाही आणि टॅक्स मात्र रोख. १७९४ मध्ये वसुली अधिकाऱ्याचं घर जाळलं. या वेळी वर्गणी मागावी लागली नाही, वॉशिंग्टनने १३ हजाराच्या आसपास मिलिशिया काढली आणि काही अंतर स्वतः बरोबर गेला. लढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, दोघांनाही त्याने माफ केलं.

---

शंकासूर

म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचं ओझं उतरलं आणि पेनसिल्वेनियाच्या शेतकऱ्यावर चढलं. वा. मामा, भाचीच्या पेपरात हेच लिहायला सांगा, मार्क कापले तर माझं नाव सांगा.

---

सदाशिवपेठी_मामा

आत्ताच कॉल झाला. शस्त्रागाराच्या कुलपाची गोष्ट तिला फार आवडली, दोनदा सांगायला लावलं. तिची बहीण शेजारी बसून विचारतेय की त्या तलवारवाल्याचं पुढे काय झालं. मला सांगता आलं नाही.

---

बर्फातला_कोल्हापूरकर

१७८८ ला माफी मिळाली. पुढे न्यूयॉर्क राज्यात स्पार्टा म्हणून गाव आहे तिकडे राहिला, गरिबीतच, १८२५ ला वारला. पण १८१८ मध्ये केंद्राने युद्धातल्या जुन्या सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा केला तेव्हा त्याने अर्ज केला आणि ती मंजूर झाली. १७८० ला न घेतलेल्या पगारानंतर केंद्राकडून काही नियमित मिळालं ते तेव्हा, वय सत्तरच्या पुढे गेल्यावर. तलवार काही परत मिळाली नाही.